नवीन पीसी जोडला; बटण दाबलं की पंखा पाव फेरी फिरतो आणि संपलं

स्क्रू_ढिला (शनिवार, रात्री ११:१२)

मंडळी, मशीन तर बंद आहेच, आता डोकंही बंद पडायच्या बेतात आहे.

आयुष्यात पहिल्यांदा स्वतः डेस्कटॉप जोडला. सगळं नवीन. रायझन ५ ७६००, बी६५० चिपसेटचा पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड, १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम, ६५० वॅटचा एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), एक एनव्हीएमई एसएसडी आणि ग्राफिक कार्ड. दुपारी दोनला बसलो, सातला शेवटचा स्क्रू पिळला. घरच्यांना उद्घाटनाला बोलावलं आणि बटण दाबलं.

प्रोसेसरवरचा पंखा जेमतेम पाव फेरी फिरला आणि थांबला. पुन्हा बटण दाबलं तर काहीच नाही. तिसऱ्यांदा नाही, दहाव्यांदा नाही. मग घरचे पांगले.

मदरबोर्डवर एका कोपऱ्यात बारीक दिवा लागलेला असतो. सगळ्या केबली दोनदा काढून परत खोचल्या. आता काय करू?

खटपट्या (शनिवार, रात्री ११:२०)

एसएमपीएस गेलाय. बदल.

पानगळ (शनिवार, रात्री ११:२६)

मागचा स्विच चालू आहे का? हसू नका. मी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली होती आणि एसएमपीएसचा मागचा खटका शून्यावर होता.

स्क्रू_ढिला (शनिवार, रात्री ११:२९)

चालू आहे. म्हणून तर बोर्डवरचा दिवा लागतोय ना?

टिचकी (शनिवार, रात्री ११:४८)

बरोबर. तो दिवा लागतो म्हणजे एसएमपीएसचे स्टँडबाय ५ व्होल्ट बोर्डपर्यंत पोचतायत. पण त्यावरून एवढंच कळतं. १२ व्होल्टची लाइन बटण दाबल्यावरच चालू होते आणि प्रोसेसर, कार्ड, पंखे सगळं तिच्यावर चालतं.

मला एक नेमकं सांगा. पहिल्यांदा पाव फेरी, नंतर काहीच नाही, असं म्हणालात. मग मागचा खटका बंद केला, अर्धा-एक मिनिट थांबलात, परत चालू करून बटण दाबलंत, तर पंखा पुन्हा पाव फेरी फिरतो का?

खटपट्या (शनिवार, रात्री ११:५५)

किंवा थर्मल पेस्ट जास्त झाली असेल. नवीन लोक केकवर क्रीम फासावं तशी फासतात. आणि बोर्डवरची बॅटरी काढून सीमॉस क्लिअर करून बघ, म्हणजे बोर्डच्या सेटिंग पुसून बघ, निम्मे आजार त्याने बरे होतात.

जुना खिळा (रविवार, सकाळी ६:३२)

खटपट्या, पेस्ट कमी असो की जास्त, तिच्यामुळे पंखा पाव सेकंदात थांबत नाही. तापायलाही वेळ लागतो. मशीन पाच-दहा सेकंद चालून बंद पडलं असतं तर मी म्हटलं असतं, कूलर काढून बघ, खालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा तसाच राहिलाय का. तो पापुद्रा ठेवून कूलर बसवणारे कमी नाहीत, मी स्वतःही त्यातलाच. पण इथे तो प्रकार नाही.

टिचकीने विचारलंय त्याचं उत्तर दे. सगळी मेख तिथेच आहे.

स्क्रू_ढिला (रविवार, सकाळी ९:०५)

करून बघितलं. हो! खटका बंद करून मिनिटभर थांबलं की पंखा परत एकदा पाव फेरी फिरतो. नुसतं बटण पुन्हा पुन्हा दाबलं तर काही होत नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

खटपट्याभाऊंच्या सांगण्यावरून बॅटरीही काढून घातली. फरक नाही.

टिचकी (रविवार, सकाळी ९:३०)

मग एसएमपीएस बहुतेक शाबूत आहे. उलट तो चोख काम करतोय.

चांगल्या एसएमपीएसमध्ये शॉर्ट सर्किटपासून संरक्षण असतं. १२ व्होल्टची लाइन कुठेतरी सरळ जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, टेकली की करंट एकदम उसळतो आणि एसएमपीएस क्षणात हात आखडता घेतो. तेवढ्या वेळात पंख्याला जो धक्का बसतो, ती तुमची पाव फेरी. एकदा असा बंद पडला की बरेचसे एसएमपीएस मागचा खटका पाडून मोकळे केल्याशिवाय पुन्हा उठत नाहीत. बॅटरी काढा, रॅम बदला, काही करा, शॉर्ट जिथे आहे तिथेच राहणार.

आता तो कुठे आहे ते शोधायचं. अंदाजाने वस्तू बदलत बसू नका. एकेक भाग काढत जा आणि प्रत्येक वेळी खटका बंद, थोडं थांबा, चालू, बटण. आधी ग्राफिक कार्ड काढा. ७६०० मध्येच ग्राफिक्स आहे, मॉनिटर बोर्डच्या एचडीएमआयला लावला तरी चालेल. मग एसएसडी. मग एक रॅम काढून दुसरी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत ठेवा; बोर्डवर ए२ लिहिलेलं असतं. कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी आणि ऑडिओच्या वायरीही काढा, त्यांनाही विसरू नका.

आणि प्रोसेसरची आठ पिनांची वायर नीट बघा. एसएमपीएसमधून आठ पिनांच्या दोन प्रकारच्या वायरी येतात. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, ग्राफिक कार्डची ६+२. खाचांचे आकार वेगळे असतात, तरी जोर लावून चुकीची घुसवणारे महाभाग असतात.

स्क्रू_ढिला (रविवार, दुपारी १२:४०)

वायर ४+४ वाली, तीच योग्य ठिकाणी. कार्ड काढलं, एसएसडी काढला, एक रॅम काढली, पुढच्या सगळ्या वायरी सोडवल्या. कॅबिनेटचं बटणही सोडलं, बोर्डवरच्या पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून चालू केलं (हात थरथरत होता). परत पाव फेरी.

आता प्रोसेसर की बोर्ड? की दोन्ही?

खटपट्या (रविवार, दुपारी १२:४४)

म्हटलं ना, एसएमपीएस.

जुना खिळा (रविवार, दुपारी १:१५)

ठीक आहे, खटपट्याचं समाधान करू, पाच मिनिटांचं काम आहे. एसएमपीएसच्या सगळ्या वायरी बोर्डवरून काढ. २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. मागचा खटका बंद असताना कागदाची क्लिप सरळ करून हिरवीची खाच आणि शेजारच्या काळीची खाच जोड, मग खटका चालू कर. सगळ्या वायरी काळ्याच असतील तर अंदाजाने घुसवू नकोस. पुस्तिकेत १६ नंबरची पिन शोध. कॅबिनेटचा एखादा पंखा थेट एसएमपीएसच्या वायरीला लागत असेल तर तोही लाव, कारण काही एसएमपीएसचा स्वतःचा पंखा भार नसताना फिरतच नाही आणि माणूस उगाच तो मेला असं समजतो.

एसएमपीएस उघडू मात्र नकोस. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणी वीज राहते.

स्क्रू_ढिला (रविवार, दुपारी २:०२)

क्लिप लावली. पंखा अखंड फिरतोय. दहा मिनिटं फिरवत ठेवला. मल्टिमीटर आहे, पिवळ्या वायरीवर १२.१ दाखवतोय.

जुना खिळा (रविवार, दुपारी २:१०)

११.४ ते १२.६ मध्ये काहीही चालतं. भाराशिवाय मोजलंय म्हणून शंभर टक्के हमी नाही, पण एसएमपीएसला सध्या सोडून देऊ. खटपट्या, ऐकतोयस का?

खटपट्या (रविवार, दुपारी २:३१)

ऐकतोय. 😐

वाटसरू१०१ (रविवार, दुपारी २:५०)

माझंही असंच झालंय. माझे पंखे मात्र फिरतात, फक्त स्क्रीन काळी. रायझन ५ ५६०० आणि बी४५० बोर्ड, बोर्ड बरीच वर्षं खोक्यात पडून होता. एसएमपीएस बदलू का?

टिचकी (रविवार, दुपारी ३:०५)

असंच झालेलं नाही, अगदी उलटं झालंय 🙂 वेगळा धागा काढा, पण थोडक्यात सांगते. बी४५० हा ५६०० पेक्षा जुना आहे. इतकी वर्षं पडून राहिलेल्या बोर्डच्या बायॉसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डमधल्या प्रोग्रॅमला, तो प्रोसेसर ओळखीचाच नसेल. बोर्डच्या मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं (बायॉस नवीन करायचं) बटण असेल तर पेन ड्राइव्ह एफएटी३२ करून, कंपनीच्या साइटवरची बायॉस फाइल पुस्तिकेत सांगितलेल्या नावाने टाकून, ठरवून दिलेल्या यूएसबी खाचेत लावा. प्रोसेसर न लावताही ते काम होतं. बटण नसेल तर ओळखीच्या कोणाचा जुना प्रोसेसर तासभर उसना घ्यावा लागेल. आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. मॉनिटरची वायर बोर्डला लावली असेल तर बाकी सगळं ठीक असूनही स्क्रीन काळीच राहणार.

स्क्रू_ढिला, तुमच्याकडे वळते. बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम तसंच राहू द्या. बोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. तो ज्या चकचकीत पिशवीत आला होता तिच्यावर ठेवू नका, त्या पिशवीचा बाहेरचा थर वीज वाहू देऊ शकतो. मग २४ पिनांची आणि ८ पिनांची वायर लावून पिना टेकवा.

आणि हो, कॅबिनेट कोणता आहे? यादीत दिसला नाही.

स्क्रू_ढिला (रविवार, दुपारी ३:२०)

कॅबिनेट तेवढा जुना आहे. आधीच्या मशीनचा. पत्र्याचा डबाच तर आहे, त्यात काय बिघडणार म्हणून लिहिलं नव्हतं.

जुना खिळा (रविवार, दुपारी ३:२३)

😀

आधीचा बोर्ड केवढा होता? चौकोनी होता का?

स्क्रू_ढिला (रविवार, दुपारी ३:३०)

हो, लहान होता, साधारण चौकोनीच. नवीन बोर्ड लांब आहे म्हणून कॅबिनेटच्या पाकिटात उरलेले ते पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे खुंट) खालच्या बाजूला नवीन बसवले. काका, तुम्ही हसलात का?

जुना खिळा (रविवार, दुपारी ३:४१)

बोर्ड काढशील तेव्हा कळेल. आत्ता एकच कर. बोर्डला जितके स्क्रू लावलेस ते काढताना मोज. मग रिकाम्या पत्र्यावरचे स्टँडऑफ मोज.

टिचकी (रविवार, दुपारी ३:४३)

काका, मी पण हेच विचारणार होते, तुम्ही मजा घालवलीत.

स्क्रू_ढिला (रविवार, संध्याकाळी ५:१८)

स्क्रू नऊ. स्टँडऑफ अकरा.

दोन मिनिटं नुसता त्या पत्र्याकडे बघत बसलो होतो. फोटो टाकलाय. बोर्डच्या पाठीमागे, जिथे भोकच नाही, तिथे एका ठिकाणी बारीक गोल ओरखडा आहे, बरोबर त्या पितळी डोक्याच्या आकाराचा.

जुना खिळा (रविवार, संध्याकाळी ५:३०)

झालं. एटीएक्सचा आराखडा १९९५ चा, मायक्रो-एटीएक्स १९९७ चा. पूर्ण बोर्ड ३०.५ बाय २४.४ सेंटिमीटर, मायक्रो २४.४ सेंटिमीटर चौरस. वरची बरीच भोकं दोघांची एकच, म्हणून कॅबिनेट एकमेकांना चालतात. पण मायक्रोच्या काही भोकांच्या जागी पूर्ण बोर्डला भोक नसतं. तुझ्या जुन्या बोर्डचे तिथले दोन स्टँडऑफ तसेच राहिले आणि नव्या बोर्डच्या पोटात खालून टोचत बसले. बोर्डच्या पाठीवर टाक्यांची टोकं बाहेर आलेली असतात. स्टँडऑफ पितळी, पत्र्याला पिळलेला, आणि पत्रा म्हणजे ग्राउंड. टोक टेकलं की शॉर्ट.

पुठ्ठ्यावर चालवून बघ. ओरखडा वरवरचा असेल तर बोर्ड वाचला असण्याची शक्यता चांगली आहे, कारण एसएमपीएसने दरवेळी वेळेत हात काढून घेतलाय. ज्याला खटपट्या काल रात्रीपासून फासावर चढवायला निघालाय, त्यानेच तुझा बोर्ड वाचवला.

खटपट्या (रविवार, संध्याकाळी ५:३६)

मान्य. फाशी रद्द.

स्क्रू_ढिला (रविवार, संध्याकाळी ६:५०)

पुठ्ठ्यावर पंखा फिरतोय!! अखंड!! पण स्क्रीन काळी. बोर्डवर चार बारीक दिवे आहेत, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. त्यातला डीरॅमचा पिवळा दिवा लागून राहतो.

रॅम बदलून दुसरी लावली, तेच. दुसऱ्या खाचेत लावली, तेच. बॅटरी काढून घातली, तेच. मघाच्या शॉर्टमध्ये रॅमच्या खाचा गेल्या का?

खटपट्या (रविवार, संध्याकाळी ६:५८)

बॅटरी परत काढ, यावेळी पाच मिनिटं बाहेर ठेव.

टिचकी (रविवार, संध्याकाळी ७:०४)

थांबा थांबा थांबा. बॅटरीला हात लावू नका.

चालू केल्यावर पिवळा दिवा किती वेळ बघता आणि मग बंद करता?

स्क्रू_ढिला (रविवार, संध्याकाळी ७:०८)

तीस-चाळीस सेकंद. फार तर मिनिट. काही होत नाही म्हटल्यावर बंद करतो आणि पुढचा उपाय.

टिचकी (रविवार, संध्याकाळी ७:२२)

मग तुम्हीच त्याला उठू देत नाही आहात.

डीडीआर५ इतक्या वेगाने चालते की बोर्डला प्रत्येक रॅमशी आधी सूर जुळवून घ्यावा लागतो. कोणत्या तारेवर संदेश किती उशिरा पोचतो, किती व्होल्टवर नीट वाचता येतो, हे तो पुन्हा पुन्हा लिहून-वाचून ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम५ बोर्डवर (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचं हे नाव) पहिल्यांदा हे व्हायला काही मिनिटं लागू शकतात, आणि तोवर स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा चालू. बघणाऱ्याला वाटतं मेलं.

तुम्ही चाळीस सेकंदांत बंद करता, म्हणजे ट्रेनिंग अर्धवट. रॅमची जागा बदलली, परत पहिल्यापासून. बॅटरी काढली, परत पहिल्यापासून. खटपट्यांचा उपाय एरवी चांगला आहे, पण इथे त्याने तुम्हाला दरवेळी पुन्हा पहिलीत बसवलंय.

एक रॅम ए२ मध्ये. बॅटरी जागेवर. मॉनिटर बोर्डच्या एचडीएमआयला, आणि मॉनिटरवर इनपुटही तोच निवडलेला आहे ना ते बघा. चालू करा आणि खोलीतून बाहेर जा. पंधरा मिनिटं येऊ नका.

हिशेबनीस (रविवार, संध्याकाळी ७:२५)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पानगळ (रविवार, संध्याकाळी ७:३१)

पंधरा मिनिटांनंतरही पिवळाच राहिला तर? पुढचं विचारून ठेवते.

टिचकी (रविवार, संध्याकाळी ७:३५)

मग कूलरचे स्क्रू. एका बाजूने जास्त पिळले की प्रोसेसरवर दाब वाकडा येतो, सॉकेटमधल्या काही पिना नीट टेकत नाहीत आणि रॅमचा एखादा चॅनल दिसेनासा होतो. सगळे थोडे ढिले करून तिरप्या जोडीने थोडे थोडे पिळायचे. त्यानेही नाही झालं तर प्रोसेसर उचलून सॉकेटमधल्या पिना तिरप्या उजेडात बघायच्या. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८. एक जरी झोपलेली असेल तरी उजेड तिच्यावरून वेगळा परततो, लगेच कळतं.

स्क्रू_ढिला (रविवार, रात्री ८:०३)

बायॉस!!!!

मी बाहेर जाऊ शकलो नाही, दारात उभा होतो. सहाव्या मिनिटाला दिवा आपोआप विझला आणि स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह आलं. प्रोसेसरचं नाव बरोबर दाखवतोय, तापमान ४१. घरच्यांना बोलावलं नाही, एकटाच नाचलो.

जुना खिळा (रविवार, रात्री ८:१०)

शाबास. आता ते दोन जास्तीचे स्टँडऑफ पत्र्यावरून काढून पाकिटात टाक आणि मगच बोर्ड आत बसव. एकेक भाग चढवत जा, प्रत्येक वेळी चालू करून बघ. सगळं एकदम लावून परत अडलास तर कुठे अडलास ते कळणार नाही. दुसरी रॅम बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून चौथ्या खाचेत. ती लावल्यावर परत वेळ घेईल, घाबरू नकोस.

स्क्रू_ढिला (सोमवार, रात्री १०:४५)

अहवाल. सगळं कॅबिनेटमध्ये गेलं, स्क्रू नऊ, स्टँडऑफ नऊ. दोन्ही रॅम, एसएसडी, कार्ड, सगळं दिसतंय. ऑपरेटिंग सिस्टिम चढली.

एक शंका. रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलंय, बायॉस ४८०० दाखवतोय.

टिचकी (सोमवार, रात्री १०:५२)

ते तसंच असतं. कारखान्यातून आलेला सुरक्षित वेग धरून तो चालतो. पाकिटावरच्या वेगासाठी बायॉसमध्ये एक्स्पो (रॅमचा तो वेग लावणारी सेटिंग) चालू करा. तुमच्या रॅममध्ये एक्स्पोची माहिती असेल तर तो पर्याय दिसेल. सेव्ह केल्यावर स्क्रीन परत काळी होईल.

स्क्रू_ढिला (सोमवार, रात्री १०:५८)

काळी झाली. पिवळा दिवा. हात पाठीमागे बांधून उभा आहे.

खटपट्या (सोमवार, रात्री ११:००)

बॅटरी काढ 😂

स्क्रू_ढिला (सोमवार, रात्री ११:०३)

आलं, ६०००.

आता एकच राहिलंय. कॅबिनेटच्या पॉवरच्या दिव्याचा कनेक्टर तीन खाचांचा आहे, मधली रिकामी. बोर्डवर मात्र दोनच पिना शेजारी शेजारी. तो लोंबकळतोय.

जुना खिळा (मंगळवार, सकाळी ६:१५)

जुन्या कॅबिनेटांचं तेच. मशीन बंद करून प्लग काढ, मग प्लॅस्टिकच्या कनेक्टरच्या बाजूला बारीक जीभ दिसेल. सुईने ती उचल, एका टोकाची वायर धातूच्या टोकासकट मागे ओढ आणि मधल्या खाचेत ढकल. टिक आवाज आला की बसली. बटणाच्या वायरींना उलटसुलट नसतं, दिव्याला असतं. नाही लागला तर कनेक्टर फिरवून लाव.

स्क्रू_ढिला (मंगळवार, सकाळी ८:४०)

पहिल्यांदा नाही लागला. फिरवला. लागला.